काळ्या पाषाणाला कोणते बिट?

मानखुर्दमध्ये बोअर मारताना वर भराव लागतो, मग खाडीचा चिखल आणि त्याखाली डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट. चिखलात केसिंग पाइप उतरवावाच लागतो, नाहीतर भोक ढासळते आणि वरचे खारे पाणी आत उतरते. बिटाचा कस लागतो तो त्यापुढे, पाषाणात.

तिथे डीटीएच (डाउन-द-होल) हॅमरला पर्याय नाही. १९६७च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने असे हॅमर असलेली यंत्रे विमानाने आणवली आणि कठीण खडकातले आठवड्यांचे काम दिवसावर आले. हॅमर रॉडच्या टोकाला, थेट भोकाच्या तळाशी असतो. कॉम्प्रेसरच्या हवेने आतला पिस्टन बिटावर आदळतो. बिटाच्या पोलादी तोंडावर टंगस्टन कार्बाइडची बटणे दाबून बसवलेली असतात. दगड फुटतो तो ठोक्याने. बिट फिरवायचे ते दर ठोक्याला बटणाखाली नवा दगड यावा एवढ्यासाठीच. घाई म्हणून फिरकी वाढवली की कडेची बटणे लवकर झिजतात.

बटणांचा आकार खडक पाहून ठरवावा. काळ्या पाषाणाला गोल बटणे आणि सपाट तोंड. टोकदार बटणे मुरमात भराभर उतरतात, पण पाषाणात तुटतात. मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांचा बेसॉल्ट, मऊ म्हणून निर्धास्त राहू नये, त्याच्या पोकळ्यांत कधी कधी गारगोटी भरलेली असते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बेसॉल्टची फसवणूक. भंडारा-गोंदियाकडच्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर, त्यामुळे तिथे बटण घासून सपाट होते आणि झीज डोळ्यांना दिसते. सपाट भाग बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला की ग्राइंडिंग करायचे, हा सगळीकडचा नियम. आपल्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नाहीच. बटण गोल, चकचकीत, नव्यासारखे दिसत राहते. पण भिंगाखाली धरले तर त्यावर सापाच्या कातडीसारखे बारीक तड्यांचे जाळे असते. ते वेळीच घासून काढले नाही तर बटण फुटते आणि त्याचा कार्बाइडचा तुकडा भोकात पडून शेजारची बटणेही फोडतो.

बिटाची किंमत दुकानातल्या आकड्यावर ठरत नाही. बिट किती फूट चालले आणि तेवढ्यात कॉम्प्रेसरने किती डिझेल प्यायले, यावर ठरते. स्वस्त बिट संथ चालले तर डिझेलचा भुर्दंड त्याहून मोठा. सोसायट्या बोअरवाल्याला फुटाचा दर विचारतात. बटणांचे ग्राइंडिंग किती फुटांनी करता, हेही विचारावे.