इंचभर मोकळी जागा

आमच्या वस्तीतले बरेचजण बांधकामावर जातात. त्यांचं हेल्मेट हाती आलं की मी ते आधी उलटं करून पाहतो. बाहेरून ते नुसतं टोपलं दिसतं. त्याचं खरं काम आत चालतं.

आत पट्ट्यांची जाळी असते. ही जाळी आणि वरचं कवच यांच्यात साधारण इंचभर जागा मोकळी ठेवलेली असते. वरून वीट पडली की कवच तो मार पसरवतं, पट्ट्या ताणल्या जातात आणि बराचसा धक्का या मोकळ्या जागेत जिरतो. आपण मात्र नेमकं तिथेच विडीबंडल, तंबाखूची पुडी, घडी केलेला रुमाल कोंबतो! जागा भरली की धक्का थेट डोक्यावर आणि मानेवर येतो.

आतला पट्टा डोक्याच्या मापाला बसवावा. परांचीवर चढताना हनुवटीखालचा पट्टा बांधावाच. तोल गेला तर माणसाआधी हेल्मेट निसटतं. विकत घेताना आयएसआय खूण आणि आयएस २९२५ हा आकडा पाहावा. मोटरसायकलचं हेल्मेट वेगळ्या कामासाठी बनवलेलं असतं, ते इथे नको.

निगा सोपी आहे: साबण आणि कोमट पाणी. रॉकेल, पेट्रोल, थिनर किंवा ऑइलपेंट लावू नये. प्लास्टिक कमकुवत होतं आणि ते वरून दिसतही नाही. हवेसाठी भोकं पाडू नयेत. काम संपल्यावर हेल्मेट उन्हात टाकू नये. उन्हानं कवच ठिसूळ होतं. चकाकी गेली, वर खडूसारखी भुकटी दिसली, दाबल्यावर ते करकरलं, तर बदलावं. तयार केल्याचा महिना आणि वर्ष कवचावर आतून उमटवलेलं असतं. पट्ट्या सुमारे वर्षानं आणि कवच दोन ते पाच वर्षांत बदला, असं बरेच उत्पादक सांगतात. कडक उन्हातलं काम असेल तर त्याआधीच.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी सांगतो. ‘यानंच माझा जीव वाचवला’ म्हणत गडी मार खाल्लेलं हेल्मेट जपून वापरत राहतो. ही माया मला कळते. पण जोराचा एक मार झेलला की हेल्मेटचं काम संपलं, मग तडा दिसो वा न दिसो. ते तोडूनच टाकावं, नाहीतर उद्या नव्या पोराच्या डोक्यावर चढेल. आणि दुसरं मागताना संकोच करू नये. ते देणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे.