समजून घ्या : गिटार अ‍ॅम्पचे ‘हेड’ कॉम्बोच्या स्पीकरवर चालवता येते का?

गणपती, शारदोत्सव, लग्नसराई, मग झाडीपट्टीतल्या रात्रभराच्या नाटकांचा हंगाम. चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातल्या वादकांचे वर्ष असे जाते. राजुऱ्यासारख्या गावात ऑर्केस्ट्राच्या गिटारवाल्याकडे सगळे सामान एकाच कंपनीचे, एका सेटमधले असेलच असे नाही. कुणाकडे जुने अ‍ॅम्प हेड पडून असते, पण त्याचा स्पीकर नसतो. कुणाकडे कॉम्बो अ‍ॅम्प असतो, पण त्याचा आवाज बिघडलेला असतो. मग प्रश्न येतो : या हेडला त्या कॉम्बोचा स्पीकर जोडला तर?

उत्तर : हो, जोडता येतो. पण चुकीच्या ठिकाणी पिन घातली तर हेड, कॉम्बो किंवा दोन्ही जळू शकतात. दुरुस्तीला मग बल्लारपूर, चंद्रपूर किंवा थेट नागपूर गाठावे लागते, आणि तोवर कार्यक्रमाची तारीख निघून जाते.

हेड आणि कॉम्बो यांत फरक काय?

गिटारचा सिग्नल अगदी बारीक असतो, साधारण एक व्होल्टच्या आतबाहेर. अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प हा भाग त्याला आकार देतो आणि पॉवर अ‍ॅम्प त्याला स्पीकर हलवण्याएवढी ताकद देतो. हे दोन्ही भाग असलेली, पण स्पीकर नसलेली पेटी म्हणजे हेड. तेच सगळे स्पीकरसह एका खोक्यात बसवले की कॉम्बो. म्हणजे कॉम्बोतला स्पीकर हा शेवटी साधा स्पीकरच असतो. त्याच्या तारा मोकळ्या केल्या की तो दुसऱ्या अ‍ॅम्पवरही वाजतो.

मग पिन नेमकी कुठे लावायची?

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. तीन जागा पूर्णपणे टाळायच्या.

• कॉम्बोचा इनपुट : ५० वॅटचे हेड ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे २० व्होल्ट देते. इनपुटला अपेक्षा असते जेमतेम एका व्होल्टची. तिथे हेडचा स्पीकर आउटपुट जोडला तर इनपुटचा भाग जळू शकतो.

• इफेक्ट्स रिटर्न : कारण तेच. ही जागाही बारीक सिग्नलसाठी असते.

• ‘एक्स्टेन्शन स्पीकर’ सॉकेट : नावामुळे फसगत होते. या सॉकेटमधून कॉम्बोचा आवाज बाहेर जातो. हेड तिथे जोडले तर दोन अ‍ॅम्पचे आउटपुट एकमेकांना भिडतात.

बरोबर पद्धत एकच. दोन्ही अ‍ॅम्प बंद करून वायर बोर्डातून काढायची. कॉम्बोच्या मागून स्पीकरकडे जाणारी तार कॉम्बोच्या अ‍ॅम्पपासून सोडवायची आणि तीच हेडच्या स्पीकर आउटपुटला जोडायची. अनेक कॉम्बोंत ही तार जॅकने लावलेली असते, काहींत चिमट्यांनी. हे झाल्यावर कॉम्बोचा स्वतःचा अ‍ॅम्प सुरू करायचा नाही. तो व्हॉल्व्हचा असेल तर बिनस्पीकर चालवल्याने त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

ओहमचा हिशेब का महत्त्वाचा?

मंडपात साउंड लावणाऱ्यांना हा आकडा नवा नाही. अहुजाच्या अ‍ॅम्प्लिफायरमागेही ४, ८, १६ ओहमचे आणि १०० व्होल्ट लाइनचे टर्मिनल असतात. ओहम म्हणजे स्पीकर किती अडथळा देतो ते. तो कमी झाला की अ‍ॅम्पमधून जास्त करंट ओढला जातो.

व्हॉल्व्हच्या हेडवर जेवढे ओहम निवडले असतील तेवढ्याच ओहमचा स्पीकर लावावा. ट्रान्झिस्टरच्या हेडवर लिहिलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर लावू नये; जास्त चालतो, फक्त ताकद घटते. ८ ऐवजी १६ ओहम लावले तर ताकद साधारण निम्मी होते.

कॉम्बोत ८ ओहमचे दोन स्पीकर असतील तर समांतर जोडणीत ते ४ ओहम होतात आणि एकामागे एक जोडल्यास १६. स्पीकरवरचा आकडा पुसला गेला असेल तर मल्टिमीटर लावून पाहता येते. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन.

गिटारचा स्पीकर भोंग्यांच्या १०० व्होल्ट लाइनला मात्र कधीच लावू नये. भोंग्याला त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, साध्या स्पीकरला नसतो. ८ ओहमचा स्पीकर तिथे थेट लावला तर हिशेबाने १,२५० वॅटची मागणी होते. स्पीकर आणि अ‍ॅम्प दोघांनाही ते झेपत नाही.

वॅट किती हवेत?

स्पीकरची क्षमता हेडच्या वॅटएवढी तरी असावी, जास्त असेल तर उत्तम. अ‍ॅम्प पूर्ण चढवून आवाज फाटू लागला की तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त ताकद देतो. त्यामुळे १०० वॅटचे हेड ३० वॅटच्या एका स्पीकरवर लावणे धोक्याचे. व्हॉल्यूम कमी ठेवू, असे आधी ठरवले तरी कार्यक्रम रंगल्यावर हात आपोआप वर जातो.

वायर कोणतीही चालते का?

नाही. गिटारची वायर आणि स्पीकरची वायर यांचे जॅक सारखेच दिसतात, आत मात्र फरक असतो. गिटारच्या वायरमध्ये एक बारीक तार आणि तिच्याभोवती जाळी असते. स्पीकरच्या वायरमध्ये दोन जाड तारा असतात. बारीक तार स्पीकरच्या करंटने तापते आणि तुटली तर हेड बिनस्पीकर चालू राहते.

तार सोडवायचीच नसेल तर?

हेडला ‘इफेक्ट्स सेंड’ आणि कॉम्बोला ‘इफेक्ट्स रिटर्न’ असेल तर या दोन जागा साध्या गिटार वायरने जोडता येतात. सूर हेडचा, ताकद आणि स्पीकर कॉम्बोचा. मात्र हेड व्हॉल्व्हचे असेल तर त्याच्या स्वतःच्या आउटपुटलाही स्पीकर किंवा लोड बॉक्स जोडलेला हवाच.

सुरू करण्याआधी काय तपासावे?

• हेड आणि स्पीकर यांचे ओहम जुळतात का?
• स्पीकरचे वॅट पुरेसे आहेत का?
• वायर स्पीकरचीच आहे का?
• कॉम्बोचा अ‍ॅम्प बंद आहे का?
• मंडपाच्या किंवा जनरेटरच्या बोर्डाला अर्थिंग आहे का?

आधी स्पीकर जोडायचा, मग हेड सुरू करायचे. काढताना उलट : आधी हेड बंद, मग वायर. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची पेटी मात्र घरी उघडू नये. आत ४०० व्होल्टच्या वरही दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो. ते काम जाणकार मेकॅनिकचेच.