शब्दांची गोत्रे (लेखांक ७) : कुंपण, हरीण आणि पत्त्यांतला गुलाम

गेल्या लेखांकात आपण याकोब ग्रिम याच्या मागोमाग जाऊन संस्कृत 'पितृ'चा इंग्रजीत 'फादर' आणि 'त्रि'चा 'थ्री' कोणत्या नियमाने होतो ते पाहिले. धाकटा भाऊ विल्हेल्म याच्यासह १८१२ साली लोककथांचा तो सुप्रसिद्ध संग्रह काढणारा आणि १८२२ साली आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत वर्णपरिवर्तनाचा कायदा मांडणारा ग्रिम एकच, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. त्याच आवृत्तीत त्याने आणखी एका परिवर्तनाची नोंद केली होती. आणि एका घरात वाढलेल्या जर्मन व इंग्रजी या दोन बहिणी पुढे एकमेकींस ओळख देईनाशा झाल्या, त्या मुख्यत्वे या दुसऱ्या परिवर्तनामुळे. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

पाचव्या शतकात अँगल आणि सॅक्सन टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनच्या किनाऱ्याला लागल्या, तेव्हा त्यांची बोली आणि मागे राहिलेल्या भाऊबंदांची बोली यांत फारसे अंतर नव्हते. पुढे, सुमारे सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान, आल्प्सकडील डोंगराळ दक्षिणेतल्या लोकांच्या तोंडी काही वर्णांची बैठक ढळली : 'ट'चा शब्दारंभी 'त्स' आणि स्वरामागून 'स', 'प'चा कोठे 'प्फ' तर कोठे नुसता 'फ', आणि 'क'चा स्वरामागून घशातला घासरा 'ख' होऊ लागला. ही लाट उत्तरेकडे सरकत सरकत ऱ्हाईनकाठी ड्युसेलडॉर्फनजीकच्या बेनराथपर्यंत आली आणि तेथून पुढच्या सखल मुलखात ओसरली. 'करणे' या अर्थी त्या रेषेच्या दक्षिणेस 'माखन' म्हणावयाचे आणि उत्तरेस, इंग्रजी 'मेक'शी नाते राखून, 'माकन' म्हणावयाचे, अशी ती सरहद्द असून भाषाशास्त्रज्ञ तिला बेनराथ रेषा म्हणतात. समुद्रापलीकडे गेलेल्या इंग्रजांना या लाटेचा शिंतोडाही लागला नाही. म्हणून इंग्रजीत 'टेन' तर जर्मनमध्ये 'त्सेन', इंग्रजीत 'वॉटर' तर जर्मनमध्ये 'वासर', इकडे 'शिप' तर तिकडे 'शिफ'. हा 'त्स' उच्चारावयास परदेशी विद्यार्थ्यांना पुष्कळ सायास पडतात. मराठी माणसाला ते पडण्याचे कारण नाही, कारण 'चाक' आणि 'चोर' या शब्दांत आपण जो दंततालव्य 'च' उच्चारतो, तोच हा.

या कायद्याचा एक उपयोग असा, की त्याच्या आधारे शब्दांच्या वयाचा पंचनामा करता येतो. मिऱ्याला इंग्रजीत 'पेपर' आणि जर्मनमध्ये 'प्फेफर' म्हणतात. दोन्ही शब्द लॅटिनमधून आले, लॅटिनने तो ग्रीकांकडून घेतला, आणि ग्रीकांच्या हाती तो पडला तो आपल्याकडची 'पिप्पली', म्हणजे वैद्याच्या बटव्यातली पिंपळी, तिकडे गेली तेव्हा. आता 'प्फेफर' या शब्दातले दोन्ही 'प' पालटले आहेत. अर्थात लाट आली तेव्हा हा शब्द जर्मन स्वयंपाकघरात येऊन बसलेला होता. याउलट कागदाला जर्मनमध्ये 'पापीर' म्हणतात, आणि त्यातले दोन्ही 'प' जसेच्या तसे आहेत. यावरून तो शब्द लाट ओसरल्यानंतर केव्हातरी आत आला हे दफ्तर न चाळताही सांगता येते.

दुसरा उपयोग असा, की दिसण्यावर भुलण्याची खोड मोडते. 'जवळ असणे' या अर्थी जर्मनमध्ये 'हाबन' आणि लॅटिनमध्ये 'हाबेरे' अशी क्रियापदे आहेत. रूप जुळते, अर्थ जुळतो, आणि तरीही दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. वर्णांच्या कायद्याप्रमाणे 'हाबन'चे लॅटिन भावंड 'कापेरे', म्हणजे 'पकडणे', हे होय. आणि 'हाबेरे'चे जर्मन भावंड चक्क 'गेबन', म्हणजे 'देणे'. नुसत्या उच्चारसाम्यावरून जगातल्या यच्चयावत भाषा संस्कृतच्या दाराशी आणून बांधणारे जे हौशी व्युत्पत्तिकार आपल्याकडे अधूनमधून उगवतात, त्यांनी हे एवढे एक उदाहरण उशाशी ठेवून झोपावे, अशी प्रस्तुत लेखकाची नम्र सूचना आहे.

वर्ण असे कायद्याने चालतात. अर्थाला मात्र असा कायदा नाही, असे समजण्याची वहिवाट आहे. तो मनास येईल तिकडे भटकतो हे खरे. परंतु त्याच्या भटकण्याच्या वाटाही ठरलेल्या असाव्यात, असे मला पुढील उदाहरणांवरून वाटू लागले आहे.

इंग्रजी 'टाउन' म्हणजे शहर. 'ट'च्या जागी 'त्स' घातला की जर्मन शब्द मिळतो 'त्साउन', आणि त्याचा अर्थ कुंपण! डच भाषेत याच शब्दाचा अर्थ बाग असा होतो. कुंपण, बाग आणि शहर ही तीन पाती एकाच कोंबाची आहेत हे एरवी कोणाला पटले असते? मूळ अर्थ कुंपण हाच. कुंपणाने जे वेढले त्याला इंग्रजांनी प्रथम आवार म्हटले, मग वस्ती, मग खेडे, आणि वस्ती वाढत गेली तसे शहर. हे वाचून कोकणातल्या वाचकाला मात्र बिलकुल नवल वाटू नये. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली जागा. त्यावरून 'वाटिका' म्हणजे बाग, आणि त्याच मुळापासून आपला 'वाडा' आणि आपली 'वाडी'. कोकणी माणूस नारळी-पोफळीच्या बागेलाही वाडी म्हणतो आणि दहा-वीस घरांच्या वस्तीलाही वाडी म्हणतो, आणि त्यात त्याला यत्किंचितही विसंगती दिसत नाही. सावंतवाडी तर संस्थानाची राजधानी होऊन बसली. डच, इंग्रज आणि जर्मन यांनी जे अर्थ तीन मुलखांत वाटून घेतले, ते आपण एका गावच्या हद्दीत सांभाळून आहोत.

दुसरे उदाहरण हरणाचे. इंग्रजी 'डीअर' म्हणजे हरीण. जर्मन 'टीर' म्हणजे कोणताही पशू. (या परिवर्तनात 'ड'चाही 'ट' झाला, हे सांगावयाचे राहिले होते.) बर्लिनच्या मधोमध 'टीरगार्टन' नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे, पूर्वी ते तेथल्या राज्यकर्त्यांचे शिकारीचे रान होते. जुन्या इंग्रजीतही या शब्दाचा अर्थ 'पशू' एवढाच होता, आणि शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये उंदरांच्या बरोबरीच्या क्षुद्र जीवांनाही तो लावलेला आढळतो. मग शिकाऱ्यांच्या दृष्टीने जो पशू म्हणजे खरा पशू, त्या हरणापाशी शब्द आकुंचित होऊन थांबला. आपला 'मृग' अक्षरशः याच वाटेने गेला आहे. ऋग्वेदात हत्तीला 'हात असलेला मृग' म्हटले आहे. सिंह तो मृगेंद्र, वानर तो शाखामृग, आणि शिकार ती मृगया. मृग म्हणजे रानातले कोणतेही जनावर. ते सगळे कळप हळूहळू पांगले आणि मागे एकटे हरीण उरले.

या गोष्टीला एक उपकथानक आहे, आणि ते मला मूळ कथेहून अधिक आवडते. जर्मन 'फोगल' म्हणजे पक्षी. त्याचे इंग्रजी भावंड 'फाउल', हाही एकेकाळी कोणताही पक्षी होता, तो पुढे मुख्यत्वे खुराड्यातल्या कोंबडीपुरता उरला. इकडे संस्कृत 'मृग'चा इराणातला सख्खा भाऊ 'मुर्ग'. त्याने रान सोडून आकाश धरले, आणि फारसीत त्याचा अर्थ झाला पक्षी. तो फारसी दरबाराबरोबर हिंदुस्थानात आला, आणि येथे पाहता पाहता त्याची 'मुर्गी' झाली. म्हणजे ज्याला कालिदासाच्या तपोवनात अभय मिळते तो मृग, आणि खाणावळीच्या फळ्यावर ज्याचा भाव खडूने लिहिलेला असतो तो मुर्ग, हे दोघे एका रक्ताचे!

आता पत्त्यांचा जोड समोर घ्यावा. राजा आणि राणी यांच्या खालच्या पानाला आपण 'गुलाम' म्हणतो. इंग्रज त्याला 'नेव्ह' म्हणत आला आणि जर्मन 'बूब', म्हणजे पोरगा, म्हणतो. 'नेव्ह'चा आजचा अर्थ लबाड, हरामखोर. परंतु त्याचे जर्मन भावंड 'क्नाब' म्हणजे निष्पाप मुलगा. इंग्रजीत मुलाचा पोऱ्या झाला, पोऱ्याचा चाकर, आणि धन्याने चाकराला ज्या शिव्या हासडल्या त्या कायमच्या त्याच्या नावाला चिकटल्या. त्याच्याच जोडीचा दुसरा शब्द जर्मनमध्ये 'क्नेख्ट', म्हणजे शेतावरचा गडी. इंग्रजीत तोच 'नाइट', म्हणजे चिलखत चढवून घोड्यावर बसलेला सरदार! लिहिताना इंग्रज आजही त्याच्या आरंभी एक मुका 'क' लिहितो, तो या जुन्या नात्याचा पुरावा. दोहोंचा मूळ अर्थ पोरगा असा; जर्मनीत पोराने नांगर धरला, इंग्लंडात पोर राजाच्या पदरी राहिले, हुजऱ्याचे शिपाई झाले आणि शिपायाचे सरदार.

आणि आपला 'गुलाम'? अरबीत त्या शब्दाचा मूळ अर्थ मुलगा, हाच आहे. मुलाचा चाकर आणि चाकराचा बंदा, अशा पायऱ्या उतरत तो आपल्या पत्त्यांत येऊन बसला. म्हणजे तिन्ही भाषांच्या पानावर मुळात एकच पोरगा बसलेला आहे. शब्दांच्या या दरबारात बढती आणि बडतर्फी दोन्ही कशी चालते हे पाहावयाचे असेल, तर 'नाइट'च्या शेजारी आपला 'हवालदार' उभा करावा. शिवकालात ज्याच्या हवाली अख्खा किल्ला असे, किल्ल्याच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असत, तो हवालदार आज चौकात शिटी वाजवीत उभा आहे.

'सिली' या शब्दाची गोष्ट थोडक्यात उरकतो. त्याचे जर्मन भावंड 'झेलिख' म्हणजे धन्य, पुण्यवान. इंग्रजीत पुण्यवानाचा निष्पाप, निष्पापाचा दीनवाणा, आणि दीनवाण्याचा मूर्ख झाला. ज्यांनी मराठीत कोणाला तरी 'हे महाभाग' म्हणून दाखविले असेल, त्यांना या उतरंडीची फोड करून सांगावयास नको.

शेवटचा शब्द लाकडाचा. इंग्रजी 'टिंबर' म्हणजे इमारती लाकूड. 'ट'चा 'त्स' केला की जर्मन 'त्सिमर', म्हणजे खोली. जर्मन खेड्यांतल्या घरांवर 'त्सिमर फ्राय' अशी पाटी दिसते, ती 'खोली मोकळी आहे' असे वाटसरूस सांगत असते. आणि सुताराला मात्र ते अजून 'त्सिमरमान' म्हणतात, त्यात लाकडाचा वास राहिला आहे. इंग्रजीतला 'ब' मूळचा नव्हे. 'म'वरून 'र'वर जाताना ओठ मिटलेले राहिले की मध्ये 'ब' आपोआप फुटतो. 'आम्र'चा आंबा आणि 'ताम्र'चे तांबे याच कारणाने झाले. या दोन्ही शब्दांचे मूळ 'बांधणे' या अर्थाच्या एका प्राचीन धातूत असून, त्याच मुळापासून लॅटिनमध्ये घराला 'दोमुस' आणि वैदिक भाषेत 'दम' म्हणत. पुढे संस्कृतातून हा 'दम' लुप्त झाला, परंतु जाताना एका समासात अडकून राहिला : 'दंपती', म्हणजे घराचे धनी. घर हा अर्थ विसरला गेल्यामुळे आपल्या वैयाकरणांची मोठी पंचाईत झाली, आणि 'जाया' या शब्दाच्या जागी 'दम्' असा आदेश होतो, असे निपातन करून त्यांनी वेळ निभावून नेली. बायको आणि नवरा मिळून दंपती, हा अर्थ त्यामुळे आपल्या मनात इतका पक्का बसला, की लग्नपत्रिकेतल्या त्या शब्दात कोणाला आता भिंती किंवा छप्पर दिसत नाही. सुताराच्या कारखान्यातला टिंबर, जर्मन पथिकाश्रमातली त्सिमर आणि बोहल्यावरचे दंपती, ही सगळी एका घरची मंडळी.

पुढील लेखांकात आपल्याला सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवरील डोंगरांतल्या खाणींत उतरावयाचे आहे. अमेरिकेचा डॉलर तेथल्या एका दरीचे नाव घेऊन बाहेर पडला आणि निकेल हा धातू तेथल्या भुताचे. वाचकांनी कंदील बरोबर ठेवावा.