पोलादी सायकल आणि सोलापूरचे हात

सोलापूरच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन गिरणी, हातमाग, यंत्रमाग आणि चादर या चार शब्दांभोवती फिरत राहते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु कामगाराला घरापासून खात्यापर्यंत नेणाऱ्या आणि पाळी संपल्यावर तितक्याच निमूटपणे परत आणणाऱ्या काळ्या, दांड्याच्या सायकलीला त्या इतिहासात तिच्या वाट्याची जागा मिळालेली नाही. गेल्या काही दशकांत जगभर आणि महाराष्ट्रातही या जुन्या वळणाच्या पोलादी सायकलीविषयी नवी आस्था निर्माण झाली आहे. जुन्या सायकली शोधणे, त्या उकलून साफ करणे, त्यांचे मूळ सुटे भाग मिळवणे आणि त्यांची माहिती एकमेकांना देणे हा अनेकांचा गंभीर छंद झाला आहे. या छंदाचे मोल नेमके कशात आहे, हे सोलापूरसारख्या यंत्रांच्या गावातून पाहिले असता अधिक स्पष्ट दिसते.

सायकल रुजावी अशी भूमी सोलापूरला आपसूक लाभलेली होती. दख्खनच्या पठाराच्या या भागात घाट नाहीत, चढउतार सौम्य आहेत, आणि वर्षातील पावसाचे दिवस मोजके आहेत. १८६० मध्ये रेल्वे येथवर पोचली, १८७७ मध्ये पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली, आणि त्यानंतरच्या काही दशकांत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहून शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. गिरणीच्या पाळीची वेळ चुकवून चालत नाही, आणि पेठांतून गिरणीपर्यंतचे अंतर असे, की ते रोज दोनदा चालणे जिवावर येते, पण त्यासाठी टांगा करणे परवडत नाही. या दोहोंमधली जागा सायकलीने व्यापली. पुढे पूर्व भागात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचे हातमाग आणि नंतर यंत्रमाग वाढले, तेव्हा सुताचे आणि चादरींचे गठ्ठे कॅरिअरवर बांधून नेण्याचे कामही तिच्याकडे आले. विशेष म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या या शहरात चेन, टायर, रिम, हब, फ्रीव्हील हे शब्द चारही भाषांत जवळजवळ तेच राहिले, त्यामुळे सायकल दुरुस्तीच्या दुकानात दुभाष्याची गरज कधी पडली नसावी.

ही सायकल ज्या घराण्यातली, त्याचा उगम इंग्लंडमध्ये आहे. दोन सारखी चाके, मागच्या चाकाला चेनने मिळणारी गती आणि मध्ये बसलेला स्वार ही आज सर्वत्र दिसणारी रचना कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांच्या १८८५ मधील ‘रोव्हर’ सायकलीने रूढ केली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि त्याच सुमारास नॉटिंगहॅममध्ये रॅलेचा कारखाना आकाराला येत होता. या परंपरेतून जी कणखर, लांबरुंद, रोजच्या कामाची सायकल घडली तिला ‘रोडस्टर’ म्हणतात. रॅले, बीएसए, हर्क्युलस, फिलिप्स, हंबर ही नावे याच रोडस्टरवर बसून हिंदुस्थानात आली.

रोडस्टरची बांधणी समजून घेतल्याखेरीज तिच्याविषयीची ओढ समजत नाही. तिच्या चाकाचे माप २८ इंच गुणिले दीड इंच. आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याच रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर असा सांगितला जातो, आणि आजच्या बहुतेक सायकलींपेक्षा हे चाक मोठे आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि दगडावरून सहज चढते. पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरून ठेवणारा दुपाखी भाग, जमिनीशी सुमारे ६८ अंशांचा कोन करतो, तर शर्यतीच्या सायकलीत हा कोन ७२ ते ७३ अंशांपर्यंत उभा असतो. त्यामुळे रोडस्टर पटकन वळत नाही, पण एकदा दिशा धरली की हातातून सुटत नाही, आणि पाठीमागे ओझे असताना हाच गुण कामाला येतो. पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असत, कारण भार मागे जास्त पडतो. पुढील चक्राला ४४ आणि मागील फ्रीव्हीलला १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. गिअर नसलेल्या सायकलीसाठी आणि सपाट रस्त्यासाठी हे प्रमाण इतके नेमके आहे, की त्यात फारसा फरक करावा असे कारखान्यांना दीर्घकाळ वाटले नाही. पूर्ण झाकलेले चेनकव्हर धोतर किंवा पायजमा चेनमध्ये अडकू देत नाही आणि धूळही बाहेर ठेवते. हे सर्व मिळून सायकलीचे वजन २० किलोच्या आसपास जाते, आणि ते लपवण्याचा प्रयत्न या रचनेत कुठेही नाही.

खरी मेख सांगाड्याच्या धातूत आहे. पोलादाच्या नळ्या एकमेकींत थेट न वितळवता ‘लग’ नावाच्या बाह्या वापरून जोडल्या जात, म्हणजे नळीचे टोक एका घडवलेल्या खोबणीत बसवून त्या फटीत पितळ वितळवून ओतले जाई. पितळ साधारण ९०० अंश सेल्सिअसला वितळते आणि पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात, म्हणून नळीचे मूळ बळ फारसे न घटवता सांधा पक्का होतो, आणि पुढे गरज पडल्यास तोच सांधा तापवून सोडवताही येतो. उच्च दर्जाच्या सायकलींसाठी नळीच्या टोकांना जाडी जास्त आणि मध्ये कमी ठेवण्याची युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ मध्ये पेटंट केली. १९३५ मधील त्यांच्या मँगनीज-मॉलिब्डेनम मिश्र पोलादाला ‘५३१’ हे नाव मिळाले, आणि तो आकडा छापलेल्या चिकटपट्टीसाठी संग्राहक आजही सायकलीचा रंग नखाने तपासून पाहतात. भारतीय रोडस्टरला असे उंची पोलाद क्वचितच लाभले. ती साध्या पोलादाची, जाड भिंतीच्या नळ्यांची राहिली. परंतु पोलादाचा मूळ गुण दोन्हींत समान आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी ताण असेल, तर पोलाद कितीही वेळा हादरे खाऊन थकत नाही, आणि अपघातात वाकलेच तर बहुधा एकदम तुटत नाही, वाकून इशारा देते. अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही, आणि कार्बन तंतूचा सांगाडा आतून तडकला तरी बाहेरून कळेलच असे नाही. वाकलेला पोलादी चिमटा गावातला लोहारही सरळ करू शकतो, हा गुण कोणत्याही जाहिरातीत छापला गेला नाही, पण ग्रामीण महाराष्ट्रात सायकल टिकली ती त्याच्या जोरावर.

भारतात सायकली बनू लागल्याची कथा तितकीच बोधप्रद आहे. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टीआय सायकल्सने हर्क्युलस बनवली, आसनसोलजवळ सेन-रॅलेने रॅलेची परंपरा भारतीय हातांत आणली, सोनिपतला अ‍ॅटलास १९५१ मध्ये सुरू झाली, आणि मुंजाल बंधूंनी १९५६ मध्ये लुधियानात हीरो सायकल्सचा पाया घातला, जी १९८६ मध्ये जगातील सर्वाधिक सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली. यातील दोन कारखान्यांचे भवितव्य सोलापूरकराला ओळखीचे वाटेल. सोलापूरची जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारने १९५० मध्ये खास कायदा करून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, आणि त्या कायद्यावरील सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे राज्यघटनेच्या अभ्यासात आजही शिकवले जातात. तीस वर्षांनी, १९८० मध्ये, हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन कंपन्यांसाठी संसदेने एकत्रित राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. गिरणी असो वा सायकलचा कारखाना, कामगारांच्या हातचे काम टिकावे म्हणून कायदा धावून आला, तरी शेवटी तिन्ही ठिकाणची यंत्रे थांबली. पुढे ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलासच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम थांबले, तेव्हा जुन्या सायकलींच्या चाहत्यांना झालेले दुःख घरातल्या माणसाच्या निधनासारखे होते.

कारखाने बंद पडले तरी सायकली चालत राहिल्या, याचे श्रेय मिस्त्रीला आहे. सोलापूर हे ‘फिटर’ आणि ‘जॉबर’ या शब्दांना मान असलेले गाव. मागाचा आवाज बदलला की दोष कुठे आहे हे ओळखणारे कान येथे पिढ्यान्‌पिढ्या घडले, आणि सायकल दुरुस्तीची कला त्याच वळणाची आहे. चाकाचा आऊट काढणे, म्हणजे तारांच्या टोकांची निपल, म्हणजे छोटे नट, फिरवून तारा कमीजास्त ताणणे आणि डुलणारी रिम एका रेषेत आणणे, हे या कलेचे शिखर मानावे लागेल. कॉटर पिन हे तिचे दुसरे उदाहरण. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ज्या पाचरीने आसाला घट्ट बसतो ती पाचर म्हणजे कॉटर पिन. ती मुद्दाम मऊ पोलादाची केलेली असते, जेणेकरून झीज व्हायची ती पाचरीची व्हावी, महागड्या आसाची होऊ नये. आणि प्रत्येक सायकलीसाठी ती कानशीने घासून थोडी वेगळी बसवावी लागते. स्वस्त भागाने झिजून मौल्यवान भाग वाचवावा, हा विचार या यंत्रात जागोजागी आढळतो. ओव्हरहॉलिंगमध्ये हब उघडून छर्रे रॉकेलमध्ये धुणे, झिजलेले बदलणे आणि नवे ग्रीस भरून ‘कोन’, म्हणजे छर्रे धरून ठेवणारे शंकूच्या आकाराचे नट, बेताने आवळणे, एवढ्या कामासाठी दोन-तीन पाने, एक हातोडी आणि अनुभवी बोटे पुरतात. खंडेनवमीला सोलापुरात मागांची आणि हत्यारांची पूजा होते, तेव्हा सायकलीलाही हार मिळतो.

आजचे चाहते या वारशाकडे दोन दृष्टींनी पाहतात, आणि त्यांच्यातील मतभेद विचारात घेण्याजोगा आहे. एका मताने जुनी सायकल नव्यासारखी करावी, म्हणजे जुना रंग खरवडून, क्रोम पुन्हा चढवून, सोनेरी रेषा हाताने ओढून ती दुकानातून आलेल्या दिवसाच्या रूपात उभी करावी. दुसऱ्या मताने तिच्या अंगावरील ओरखडे, मुठीची झीज आणि कातडी सीटवर स्वाराच्या बसण्याने पडलेला खळगा हाच तिचा दस्तऐवज आहे. तो पुसला, तर उरते ते फक्त रूप. प्रस्तुत विवेचनाचा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण गिरणी कामगाराच्या सायकलीवरील कॅरिअरला पडलेला बाक एखाद्या हजेरीपटाइतकाच बोलका असतो. महाराष्ट्रात या छंदाला संस्थेचे रूप पुण्यात मिळाले. कर्वेनगर येथे २०१७ मध्ये विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय खुले झाले, आणि त्यात दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेल्या बीएसएच्या घडीच्या सायकलीपासून घरगुती रोडस्टरपर्यंत अनेक नमुने पाहता येतात. ब्रिटनमध्ये जुन्या सायकलींच्या अभ्यासकांची संघटना १९५५ पासून कार्यरत आहे. इटलीत टस्कनीतील गायोले गावी १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘लेरोइका’ या दौडीत १९८७ पूर्वीच्या सायकलींनाच मातीच्या रस्त्यांवर उतरता येते, आणि त्या एका नियमामुळे जुन्या सुट्या भागांना व जुन्या कारागिरांना पुन्हा मागणी आली.

या प्रेमाने डोळे झाकून घेऊ नयेत. रोडस्टरचा दांड्यांनी चालणारा ब्रेक रिमला आतून वर ओढला जातो; तो वर्षानुवर्षे टिकतो, पण पावसात रिम ओली असताना उशिरा लागतो. आडव्या दांड्याने स्त्रियांना दीर्घकाळ सायकलीपासून दूर ठेवले, आणि विडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया असलेल्या सोलापुरात ही उणीव लहान नव्हती. दांडा खाली झुकवलेल्या ‘लेडीज’ सायकलीने वाट मोकळी केली, मात्र त्रिकोणाची ताकद गेल्याने तिच्या नळ्या अधिक जाड ठेवाव्या लागल्या. मानव विकास कार्यक्रमातून महाराष्ट्रातील शाळकरी मुलींना मिळालेल्या सायकलींनी जे साधले, ते पाहता सायकलीच्या इतिहासात या झुकत्या दांड्याला मानाचे स्थान द्यावे लागते, आणि संग्राहकांनी ‘लेडीज’ सायकलीकडे केलेले दुर्लक्ष भरून काढण्यासारखे आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, म्हणजे ती भूतकाळात जमा झालेली वस्तू नाही. २८ गुणिले दीड इंच मापाचे टायर भारतात आजही बनतात, छर्रे आणि कॉटर पिना मिळतात, आणि यंत्रमागाच्या खोल्यांबाहेर भिंतीला टेकलेल्या काळ्या सायकली अजून दिसतात. दुर्मीळ होत चालले आहे ते त्यांच्यामागचे ज्ञान. कोणत्या तारेला किती ताण हवा हे मिस्त्री आकड्यांत सांगत नाही. तो चाक उलट्या सायकलीवर फिरवतो, तारांवर बोट टिचकवत जातो, आणि ज्या तारेचा सूर शेजारणीपेक्षा खाली लागतो, तिच्या निपलला पाव फेरा देतो.