गालापागोसची जनावरं आणि बुटाची माती



ऊस सोडून आम्ही कासवांवर का लिहितो, असं कुणी विचारील. थोडं थांबा, ऊसही येतोय.

इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटं आहेत. १८३५ साली डार्विन तिथे पाच आठवडे होता. आज लहान जहाजांनी ही बेटं पाहता येतात. पुष्कळ जहाजांत १६च प्रवासी. १०० पेक्षा जास्त नेण्यास मनाई. सोबत परवानाधारक वाटाड्या हवाच. आम्ही काही गेलेलो नाही, आमच्या पगारात ते बसतही नाही. हे वाचून लिहितो.

तिथली जनावरं माणसाला भीतच नाहीत. समुद्रसिंह पायवाटेत आडवा पडलेला असतो, वळसा आपणच घालायचा. निळ्या पायांचा बूबी पक्षी वाटेलगत अंडी उबवतो. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारा मोठा सरडा खडकावर ऊन खात बसतो आणि अंगातलं जादा मीठ नाकातून फुर्रकन् उडवतो. दोन मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही.

हे न भिणंच त्यांना नडलं. राक्षसी कासवं अन्नपाण्यावाचून वर्षभर जगतात, म्हणून खलाशांनी ती जहाजांत भरभरून नेली. माणसानं सोडलेल्या शेळ्यांनी उरलेल्या कासवांचा चारा फस्त केला. पुढे लाखावर शेळ्या माराव्या लागल्या. पिंटा बेटाचं शेवटचं कासव २०१२ साली मेलं.

आता ऊस. सान क्रिस्तोबाल बेटावर मानुएल कोबोस यानं एकोणिसाव्या शतकात ऊस लावून साखर कारखाना काढला. मालक एकटा, बाकी कैदी नि कर्जात अडकलेले मजूर, वर फटके. १९०४ साली मजुरांनीच त्याला ठार केलं. सभासद नसलेल्या कारखान्याची ही गत!

१९८२ साली तिथे परकी खवलेकीड आढळली, झाडं वाळू लागली. ढालकिडा आणायचं ठरलं. पण तो दुसरं काही खाईल का, याची वर्षानुवर्षं तपासणी करून २००२ साली सोडला. त्याच साली आपल्या उसावर लोकरी मावा आला होता आणि कोनोबाथ्रा, मायक्रोमस या मित्रकिडी कामी आल्या, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

त्या बेटांवर सामान तपासतात, फळं-बियाणं नेऊ देत नाहीत. एका बेटाची माती, बी दुसरीकडे जाऊ नये म्हणून जहाजावर परतताना पाय, बूट धुतात. आपल्याकडे परजिल्ह्यातलं बेणं ट्रॉलीतून थेट सरीत पडतं. काणी आणि गवताळ वाढ त्याच वाटेनं येतात.