ओकोराफू कोबांगे यांचा पेपर

२०१३ च्या ४ जुलैला ओकोराफू कोबांगे या जीवशास्त्रज्ञाला ईमेल आला. त्यांचा पेपर ‘जर्नल ऑफ नॅचरल फार्मास्युटिकल्स’नं स्वीकारला होता. पेपरातला दावा मोठा होता : लायकेनमधून, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या गटात मोडतं त्या गटातल्या एका प्रजातीतून, काढलेलं रसायन कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतं. कोबांगे यांचा पत्ता होता ‘वासी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन, अस्मारा’. अस्मारा ही एरिट्रियाची राजधानी.

अस्मारात अशी संस्था नाही. कोबांगे नावाचा हा शास्त्रज्ञही नाही. आणि पेपरात चुका मुद्दाम पेरलेल्या होत्या, त्याही अशा की पहिली आकृती नीट पाहणाऱ्यानं पेपर तिथेच परत पाठवावा.

हा बनाव जॉन बोहॅनन यांचा. शिक्षणानं रेणवीय जीवशास्त्रज्ञ, पेशानं तेव्हा पत्रकार आणि ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकाचे लेखक. धागा त्यांच्या हाती लागला तो २०१२ च्या जुलैत, नायजेरियातून. पोर्ट हारकोर्ट विद्यापीठातल्या एका जीवशास्त्रज्ञ बाईंचा पेपर एका जर्नलनं घेतला होता आणि पाठोपाठ दीडशे डॉलर मागितले होते. पैसे मागणं हा गुन्हा नव्हे. पूर्वी जर्नलचा खर्च वर्गणीतून निघायचा, त्यामुळे वर्गणी न परवडणाऱ्या ग्रंथालयांना ते वाचायला मिळत नसे. मुक्त जर्नलांनी हे उलटं केलं : वाचकाला फुकट, शुल्क लेखकाकडून. हेतू चांगलाच होता. पण पेपर स्वीकारला की पैसे आणि नाकारला की काहीच नाही, अशा व्यवहारात नकार देण्याची हिंमत किती संपादक दाखवतील?

बोहॅनन यांनी हे तपासायचं ठरवलं आणि आधी पेपर रचला. तो मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. पहिल्या आकृतीच्या खाली लिहिलं होतं की औषधाची मात्रा वाढवत नेली तशी पेशींची वाढ कमी होत गेली. वर आलेखात मात्र मात्रा हजारो पटींनी वाढवूनही पेशी सारख्याच वेगानं वाढताना दिसत होत्या. म्हणजे आकृती आणि तिची ओळ एकमेकींना खोटं पाडत होत्या. पुढची चूक याहून वाईट. औषध भरपूर अल्कोहोल असलेल्या द्रावात विरघळवलं होतं, पण तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना अल्कोहोल दिलंच नव्हतं. काही परिणाम दिसलाच, तर तो औषधाचा की अल्कोहोलचा, हे कुणी सांगू शकलं नसतं. औषधामुळे पेशी किरणोत्साराला जास्त बळी पडतात असाही दावा होता, आणि तिथे तुलनेच्या पेशींवर किरणांचा मारा केलेलाच नव्हता. शेवटच्या परिच्छेदात लेखकांनी जाहीर केलं होतं की आता हे औषध माणसांच्या उपचारात वापरता येईल. रुग्णांवरच्या चाचण्यांचा पत्ताच नव्हता. कर्करोगाच्या पेशंटचा नातेवाईक रात्री इंटरनेटवर काय काय शोधत बसतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला या एका वाक्यानं धडकी भरेल.

सगळीकडे एकच मजकूर पाठवला तर पितळ उघडं पडलं असतं, म्हणून त्यांनी संगणकाचा प्रोग्राम लिहिला. त्यात रसायन, लायकेनची प्रजाती आणि कर्करोगाच्या पेशी यांची नावं बदलत राहत, लेखक आणि संस्थाही प्रत्येक वेळी नव्या. इंग्रजी जरा परक्यानं लिहिल्यासारखं वाटावं म्हणून मजकूर यंत्राकडून फ्रेंचमध्ये नेऊन परत इंग्रजीत आणला. २०१३ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत हा पेपर ३०४ मुक्त जर्नलांकडे गेला. जिथे स्वीकारला जाई, तिथे ते लगेच कळवत की प्रयोगात गंभीर दोष सापडला आहे, आम्ही पेपर मागे घेतो. खोटा पेपर कुठेही छापला जाऊ नये, ही काळजी त्यांनी शेवटपर्यंत घेतली.

४ ऑक्टोबर २०१३ च्या अंकात ‘सायन्स’नं हिशेब छापला. १५७ जर्नलांनी पेपर घेतला, ९८ जर्नलांनी नाकारला. पण मन विषण्ण होतं ते त्याच्या पुढच्या आकड्यानं. ज्या २५५ जर्नलांनी निर्णय दिला, त्यांतल्या सुमारे ६० टक्के ठिकाणी पेपर कुणा समीक्षकानं तपासल्याची खूणही नव्हती. ३०४ पैकी फक्त ३६ ठिकाणांहून पेपरातल्या वैज्ञानिक चुकांवर बोट ठेवणारे शेरे आले, आणि त्या ३६ पैकी १६ वेळा शेरे हाती असूनही संपादकांनी पेपर स्वीकारला. म्हणजे तिथे ज्यांना दोष दिसला होता, त्यांचंही कुणी ऐकलं नाही. यात छोटीमोठी दुकानंच होती असंही नाही. एल्सेव्हियर आणि सेज यांच्यासारख्या जगभर नाव असलेल्या प्रकाशकांची जर्नलंही होती. उलट ‘प्लॉस वन’ या मुक्त जर्नलनं पेशी ज्या प्राण्यांपासून आल्या त्यांच्या वागणुकीबद्दल काहीच नोंद नाही, असा नैतिक प्रश्न आधी उपस्थित केला आणि दोन आठवड्यांत पेपर नाकारला. शुल्क तेही घेतं, पण कामही करतं.

बोहॅनन यांच्यावर टीका झाली ती रास्तच होती. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलांकडे हा पेपर गेलाच नव्हता, मग दोष मुक्त प्रकाशनाचा की समीक्षेचाच, हे ठरवायचं कसं? ज्या नियमावर त्यांनी इतरांना पकडलं, त्या तुलनेच्या नियमाला त्यांनी स्वतःच बगल दिली होती.

आता आपल्याकडे येऊ. कोबांगे यांचा पेपर घेणाऱ्या जर्नलचे प्रकाशक मेडनो, मुंबईचे. २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवर या डच कंपनीनं ते विकत घेतलं होतं. पत्ते आणि बँक खाती यांचा माग काढला तेव्हा लक्षात आलं की पेपर गेलेल्या जर्नलांपैकी सुमारे एकतृतीयांश भारतातली होती. त्यांतल्या ६४ जर्नलांनी तो घेतला, नाकारला १५ जर्नलांनी.

एवढी जर्नलं आपल्याकडे उगवली कुठून? हे शोधण्याचं काम पुढे पुण्यात झालं, आणि मला ते बोहॅनन यांच्या सापळ्यापेक्षाही मोलाचं वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांपासून प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांशी जोडल्या गेल्या, आणि गुण पेपरांशी. पेपर मोजायचे, तर कुठले ग्राह्य धरायचे? म्हणून आयोगानं मान्य जर्नलांची यादी काढली. तिच्यातला एक भाग विद्यापीठांनी स्वतः सुचवलेला होता : ५,६९९ जर्नलं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नागरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतली १,३३६ यादृच्छिक पद्धतीनं निवडली. नावाजलेल्या सूचींत आधीच असलेली ३२७ वगळून १,००९ उरली. या मंडळींनी खोटा पेपर रचला नाही, कुणाला फसवलं नाही. जर्नल स्वतःबद्दल जे सांगतं ते उघडून पाहिलं, इतकंच. पत्ता खरा आहे का? संपादकाचं नाव दिलंय का? दिलं असेल तर त्याची पात्रता काय? जाहिरात केलेला इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो तो आकडा, खरा की कुठल्या तरी बनावट सूचीकडून आणलेला? ३४.५ टक्के जर्नलं पत्ता, वेबसाइट, संपादक या प्राथमिक माहितीवरच बाद झाली. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच यथातथा होती. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हा अभ्यास आला आणि निष्कर्ष स्पष्ट होता : विद्यापीठांनी सुचवलेल्या, पण मान्यवर सूचींत नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार असावीत.

कोण्या लबाड प्रकाशकानं ही यादी चोरून घुसवली नव्हती. आपल्या विभागांनी, आपल्या समित्यांनी ती सुचवली होती. प्रकाशकांना गिऱ्हाईक मिळालं ते आपणच तयार केलेल्या गुणांच्या तक्त्यातून. गाइड म्हणतो पेपर पाहिजे, स्कॉलर म्हणतो मुदत संपत आली, आणि फोनवर कुणी तरी अमुक रुपयांत आठवड्यात छापून द्यायला तयार असतो. यात फसवला गेलेला कोण आणि फसवणारा कोण, हे वेगळं काढणं अवघड आहे. मला राग येतो तो दुसऱ्या कारणानं : ज्या मुलीनं तीन वर्षं प्रयोगशाळेत घालवून एकच चांगला पेपर लिहिला, तिला या मोजणीत सहा विकतच्या पेपरांपुढे मागे उभं राहावं लागतं.

मे २०१८ मध्ये आयोगानं यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली. नवी ‘केअर’ यादी करण्याचं काम पुणे विद्यापीठातल्याच कक्षाकडे आलं. नवी यादी निघाली की नव्या पळवाटाही निघत. खऱ्या जर्नलच्या नावानं हुबेहूब नकली वेबसाइट उघडायच्या आणि पैसे गोळा करायचे, हा त्यांतला एक धंदा. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगानं ‘केअर’ यादीच बंद केली आणि जर्नलची पारख करण्याचं काम पुन्हा शिक्षणसंस्थांकडे सोपवलं, म्हणजे ज्यांनी ती ५,६९९ नावं सुचवली होती त्यांच्याकडेच. आता निवड समितीपुढे अर्ज येईल तेव्हा जर्नलच्या नावापुढे खूण करून मोकळं होता येणार नाही. कुणाला तरी पेपर उघडावा लागेल आणि पहिल्या आकृतीखालची ओळ वरच्या आलेखाशी जुळते का, ते पाहावं लागेल.