वीस चौरस मीटरचे दुकान

तळमजल्यावर दुकान आणि वर कुटुंबाचे वास्तव्य, ही दिल्लीतील वसाहतींची जुनी रचना. नगररचनेच्या नकाशात मात्र अशा असंख्य दुकानांना स्थान नव्हते. १६ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवासी जागांच्या व्यापारी वापराविरुद्ध कारवाईचा आदेश दिला आणि मार्चअखेर ‘सीलिंग’ मोहीम सुरू झाली. बाजार बंद राहिले, मोर्चे निघाले. सप्टेंबरमध्ये सीलमपूर येथे पोलिसांच्या गोळीबारात प्राणहानीही झाली.

रहिवाशांच्या तक्रारी निराधार नव्हत्या. वाहनांची गर्दी, गोंगाट आणि नागरी सुविधांवरील ताण खरा होता. परंतु आलिशान शोरूम आणि कोपऱ्यावरचा वाणी यांना एकच माप लावणे न्याय्य नव्हते. हा भेद ७ फेब्रुवारी २००७ रोजी अधिसूचित झालेल्या ‘दिल्ली बृहत् आराखडा २०२१’ने मान्य केला. अधिसूचित रस्त्यांवर शुल्क भरून मिश्र वापरास परवानगी मिळाली. त्याहून महत्त्वाची तरतूद छोट्यांसाठी होती. किराणा, भाजी, दूध, औषधे, शिवणकाम अशा नित्य गरजांची, २० चौरस मीटरपर्यंतची (सुमारे २१५ चौरस फूट) दुकाने निवासी इमारतीच्या तळमजल्यावर ग्राह्य ठरली.

तरीही डिसेंबर २०१७ मध्ये सीलिंगने पुन्हा डोके वर काढले. संसदेने २००६ पासून वेळोवेळी दिलेले कायदेशीर संरक्षण तात्पुरतेच आहे. त्याची शेवटची मुदतवाढ ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची. बँकेच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. दुकानाला कुलूप लागले की तारण ठेवलेला मालही आत अडकतो आणि हप्ता थांबतो. म्हणून कर्जप्रस्तावासोबत जागेच्या वापराचे कागद पाहणे हे ग्राहकाच्याही हिताचे आहे.

कर्जाची वाट आता पूर्वीपेक्षा रुंद आहे. २ जुलै २०२१ पासून किरकोळ व्यापाऱ्यास ‘उद्यम’ नोंदणी करता येते. मात्र तिचा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मुद्रा योजनेत (२०१५) ‘शिशू’ गटात ५० हजार, ‘किशोर’मध्ये ५ लाख आणि ‘तरुण’मध्ये १० लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते.

करांच्या बाबतीत राजधानी परिसराची एक खास अडचण आहे. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत दीड कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला व्यापारी एक टक्का कर भरून मोकळा होतो; त्याला परराज्यात मालाची विक्री मात्र करता येत नाही. मयूर विहारचा दुकानदार नोएडातील गिऱ्हाइकाला काउंटरवर पिशवी देतो, तोवर प्रश्न नाही. तीच पिशवी त्याने नोएडात घरपोच केली, तर ती परराज्यातील विक्री ठरू शकते. पुण्याच्या दुकानदाराला शेजारच्या पेठेत माल पोचवताना हा विचार करावा लागत नाही. दिल्लीच्या सीमेवरील दुकानदाराने घरपोच सेवेचा फलक लावण्याआधीच नियमित नोंदणीचा हिशेब करून घ्यावा.